रानातील सहलेवान

पेसाहच्या सुमारास कार्मेलच्या डोंगरात किंवा वरच्या गालीलात अलोनच्या सावलीत एक पांढरे फूल उमलते. हिब्रूत त्याला ‘सहलेवान हाहोरेश’ म्हणतात. होरेश म्हणजे रान. हे झाड आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या कुळातले आहे.

कोकणात आंब्या-फणसाच्या फांद्यांवर वाढणारी सीतेची वेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तीही आमरीच. सहलेवान मात्र जमिनीत उगवते. उंची वीतभरापासून अडीच वितींपर्यंत, पाने तलवारीच्या पात्यासारखी लांब, अरुंद, आणि फुले अर्धवट मिटलेली. हीच जात युरोपात आणि आपल्या हिमालयातही आढळते.

नाव ऐकून बाजारातले गरम सहलाब आठवेल. ते मुळात आमरीच्या दुसऱ्या जातींच्या कंदांच्या पिठाचे करीत. आता बहुधा कॉर्नफ्लोअर घालतात. मुंबईत काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी सालममिश्री हाही असाच आमरीचा कंद. ‘सालम’ आणि ‘सहलाब’ हे एकाच अरबी शब्दातून आलेले आहेत. सहलेवानला मात्र असा कंद नसतो.

या फुलात मधही नसतो. मग मधमाशी येते कशाला? अमोत्स दाफ्नी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८१ साली याचा उलगडा केला. फुलाच्या खालच्या पाकळीवर पिवळसर-नारिंगी रेघा असतात. त्या परागासारख्या दिसतात. जवळच पांढरा लोतेम फुललेला असतो. त्याचे पराग गोळा करणाऱ्या लहान मधमाश्या फसून इकडे येतात आणि नकळत परागीकरण करून जातात.

खरी गंमत जमिनीखाली आहे. सहलेवानचे बी धुळीसारखे बारीक. त्यात अन्नाचा साठा नसल्यामुळे मातीतल्या बुरशीची मदत मिळाली तरच ते रुजते. झाड मोठे झाल्यावरही काही अन्न बुरशीकडूनच घेते आणि बुरशी ते आसपासच्या वृक्षांच्या मुळांतून मिळवते. म्हणजे अलोन बुरशीला पोसतो आणि बुरशी सहलेवानला. युरोपात तर हिरवा रंग अजिबात नसलेली सहलेवानची रोपेही या आधारावर जगताना आढळली आहेत.

म्हणूनच हे झाड उपटून मिर्पेसेतवरच्या कुंडीत लावले तर जगत नाही. माती आणता येईल, पण अलोन आणि त्याच्या मुळांशी जोडलेली बुरशी कुठून आणणार? फूल तोडले तर त्या वर्षीचे बीही गेले.

१९६० च्या दशकात रानफुले वाचवण्यासाठी देशभर मोहीम झाली. ‘त्से लानोफ, अख अल तिकतोफ’, म्हणजे निसर्गात जा, पण फुले तोडू नका, हे तिचे घोषवाक्य त्या काळी आलेल्यांना आठवत असेल. सहलेवानलाही कायद्याचे संरक्षण आहे.

आता आपल्यापैकी अनेकांना डोंगर चढवत नाही. नातवंडे सहलीला निघाली आणि “सफ्ता, तुझ्यासाठी फूल आणू का?” असे विचारू लागली, तर त्यांना सांगा, “बाळा, फूल तिथेच राहू दे, मला फोटो आण.” आणि अलोन, बुरशी व सहलेवान यांची ही गोष्टही सांगा.