रॉक संगीत आणि सामाजिक परिवर्तन : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

संगीत हे केवळ मनोरंजनाचे साधन नसून समाजाच्या आशा-आकांक्षा, वेदना आणि विद्रोह व्यक्त करणारे प्रभावी माध्यम आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य जगात ही भूमिका मोठ्या प्रमाणावर रॉक संगीताने बजावली. महाराष्ट्रात मात्र रॉकचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. त्याचा ध्वनी, म्हणजे त्याची वाद्ये आणि ध्वनिवर्धनाचे तंत्र, शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचला. त्याने विचारलेले प्रश्न मात्र येथे त्याच्यामार्फत आले नाहीत. ते प्रश्न डफ-ढोलकीच्या साथीने येथे फार आधीपासून विचारले जात होते. प्रस्तुत लेखात या दोन प्रवाहांचा व त्यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

रॉक संगीताचे स्वरूप

रॉकचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या गायनप्रकारात आहे. गुलामगिरीच्या काळातील श्रमगीतांमध्ये एकाने ओळ म्हणायची आणि इतरांनी तिला उत्तर द्यायचे, अशी पद्धत होती. पोवाड्यात शाहिरामागे झील धरणारे झीलकरी ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. १९५० च्या दशकात या परंपरेला विद्युत गिटारची जोड मिळाली. या गिटारमध्ये पोलादी तारांखाली चुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार छेडली की वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि ॲम्प्लिफायर तो मोठा करतो. ॲम्प्लिफायरवर त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक भार टाकला असता आवाज फाटतो. अभियंत्यांच्या दृष्टीने हा दोष होता. रॉक वादकांनी त्यालाच आपली ओळख बनविले. चार माणसे हजारोंच्या समुदायाला ऐकू जाऊ लागली, हा या तंत्राचा सामाजिक अर्थ होय.

रॉकमुळे समाज बदलला, असे सरसकट विधान करणे धाडसाचे ठरेल. परंतु काही प्रसंगी हे संगीत परिवर्तनाचे निमित्त नक्कीच ठरले. सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे गोऱ्या व काळ्या श्रोत्यांना वेगवेगळे बसविले जाणार असेल तर आपण गाणार नाही, अशी भूमिका बीटल्सने घेतली आणि कार्यक्रम एकत्रित श्रोत्यांसमोर झाला. ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉक महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने अमेरिकेचे राष्ट्रगीत गिटारवर असे वाजविले की त्यात अनेकांना व्हिएतनाममधील बॉम्बवर्षाव ऐकू आला. १९७६ मध्ये चेकोस्लोव्हाकियात ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या बँडच्या सदस्यांवर खटला भरण्यात आला आणि त्याच्या निषेधातून पुढच्याच वर्षी ‘चार्टर ७७’ ही नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली. त्या चळवळीतील वाक्लाव हावेल १९८९ मध्ये त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

महाराष्ट्रातील रॉक

महाराष्ट्राच्या भूमीवर रॉक अपेक्षेपेक्षा लवकर आले. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकणाऱ्या फारोख बलसारा या पारशी मुलाने १९५८ च्या सुमारास वर्गमित्रांसह ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला; हाच पुढे क्वीन या बँडचा फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला ठाऊक झाला. १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातीलच मळवली येथे ‘स्नेहयात्रा’ हा खुल्या मैदानावरील संगीत महोत्सव झाला. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागले, ‘रॉक मशीन’सारखे बँड उदयास आले, तर २०१० मध्ये पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ महोत्सवाची सुरुवात झाली.

एवढे असूनही हे संगीत इंग्रजी शिकलेल्या नागर तरुणांच्या वर्तुळाबाहेर फारसे गेले नाही. भाषा परकी, प्रवेश तिकिटाचा आणि विषयही बहुधा उसना, अशी त्याची स्थिती होती. अमेरिकेतील वादळाचा खरा पडसाद महाराष्ट्रात उमटला तो गिटारमधून नव्हे. १९७२ मध्ये ‘ब्लॅक पँथर’च्या धर्तीवर दलित पँथरची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांपैकी नामदेव ढसाळ हे शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यातील पूर-कनेरसरचे. त्यांचा ‘गोलपिठा’ हा संग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. रॉकने इतरत्र जो क्षोभ गाण्यात ओतला, तो येथे कवितेतून प्रकटला.

जलसा : पूर्वसुरींचे कार्य

कवितेच्याही आधी हे कार्य जलशाने केले होते. सत्यशोधक समाजाच्या विचारांचा खेड्यापाड्यांत प्रसार करण्यासाठी तमाशाचा साचा घेऊन सत्यशोधक जलसे उभे राहिले. पुढे भीमराव कर्डक प्रभृतींनी आंबेडकरी जलसे गाजविले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांनी मैदाने जिंकली. अण्णा भाऊंनी तमाशातील गौळण गाळली आणि गणातील देवस्तुतीच्या जागी मातृभूमी व हुतात्म्यांना वंदन आणले. लोकांना परिचित असलेला साचा ठेवायचा आणि आतील आशय बदलायचा, ही युक्ती ब्लूजचा साचा घेणाऱ्या रॉकपेक्षा कमी क्रांतिकारक नव्हती. शिवाय जलसा ऐकण्यास तिकीट लागत नसे आणि त्याची भाषा श्रोत्यांच्या घरातली होती. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या गायनातून व नंतर कॅसेटच्या प्रसारातून हीच परंपरा भीमगीतांच्या रूपाने घरोघरी पोहोचली.

शिरूर-दौंड परिसर

शिरूर व दौंड तालुक्यांत हे सारे प्रवाह एकत्र आलेले दिसतात. दौंड तालुक्यातील चौफुला येथे पुणे-सोलापूर महामार्गालगत संगीतबारीची कलाकेंद्रे आहेत. ढोलकी, तबला, पेटी आणि चाळ एवढ्या साहित्यावर उभी राहणारी बैठकीची लावणी येथे श्रोत्यांपासून काही हातांच्या अंतरावर सादर होत आली आहे. कलावतीच्या अदेला आणि शब्दाला सारखेच महत्त्व असणारी ही कला जवळून ऐकण्याची आहे. तिला मोठ्या आवाजाची गरज नाही. ध्वनिवर्धनाच्या युगात सर्वांत मोठा धोका अशाच कलांना आहे, आणि त्यांवर जगणाऱ्या स्त्रियांच्या उपजीविकेलाही.

लग्नाची वरात, गणेशोत्सव, शिवजयंती, भीमजयंती या प्रसंगी आता ‘डीजे’ अपरिहार्य झाला आहे. कीबोर्ड, ऑक्टोपॅड व छातीत धडधडणारा खर्ज ही रॉकच्या तंत्राचीच दूरची संतती होय. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकांवर बंदी असून सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये याबाबत सविस्तर आदेश दिले. वर्षातील पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे. रुग्ण, वृद्ध व तान्ही बालके यांच्या दृष्टीने हे नियम योग्यच आहेत.

तथापि, या आवाजाकडे केवळ उपद्रव म्हणून पाहणे अपुरे ठरते. ज्या समाजाला वाजतगाजत मिरवणूक काढण्यासही पिढ्यान्‌पिढ्या मज्जाव होता, त्याच्या वस्तीतील तरुण जयंतीच्या दिवशी मुख्य रस्त्यावर मोठ्याने गाणे लावतो तेव्हा तो रस्त्यावरील आपला हक्क उच्चारत असतो. जॅक्सनव्हिलच्या मैदानात कोणी कोठे बसायचे, हा जो प्रश्न होता, तोच येथे रस्त्याच्या रूपाने उभा राहतो. अडचण अशी की, या खर्जात गाण्याचे शब्द बुडून जातात. वामनदादांची रचना आणि एखादे चित्रपटगीत यांतील भेद त्या कल्लोळात उरत नाही.

शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे याचे दुसरे रूप पाहावयास मिळते. भीमेपलीकडे पेरणे हद्दीतील विजयस्तंभास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली होती. आज त्या दिवशी तेथे लाखो लोक येतात. तेथे पुस्तकांची दुकाने लागतात आणि गायनपथके डफ घेऊन गातात. गायक आणि श्रोता यांच्यातील अंतर तेथे चौफुल्याच्या बैठकीइतकेच कमी असते, आणि तेथे गाणाऱ्यास आपला प्रत्येक शब्द ऐकला जाईल याची खात्री असते.