फ्लॅशला पकड कुठे हवी?
कॅमेऱ्यापासून दूर, स्टँडवर फ्लॅश लावायचा तर भार कशावर येतो हे पाहूनच अडॅप्टर निवडावा. साध्या कोल्ड शूमध्ये फ्लॅशच्या डोक्याला बांधलेल्या सॉफ्टबॉक्सचा सगळा ताण फ्लॅशच्या छोट्या पायावर येतो, आणि वाऱ्याचा झोत आला की तो तिथेच तुटू शकतो. एस-टाइप ब्रॅकेट फ्लॅशलाच जबड्यात पकडतो आणि सॉफ्टबॉक्स स्वतःच्या बोवेन्स माउंटवर पेलतो. तो अवजड आहे हे खरे. नुसती छत्री वापरणाऱ्याला कोल्ड शू असलेला छत्रीचा ब्रॅकेट पुरतो. बोवेन्स कंपनी तर २०१७ मध्ये बंद पडली, मग तिचा माउंट कशाला, असेही कुणी म्हणेल. पण इतर अनेक कंपन्यांनी तोच स्वीकारला आहे, त्यामुळे उद्या याच माउंटचा मोठा स्टुडिओ फ्लॅश घेतला तरी जुने सॉफ्टबॉक्स त्यावर चढतात.