रक्तातील एका अक्षराचा शोध

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या डोंगरराजीत सुरगाणा, पेठ व त्र्यंबकेश्वर हे तालुके वसले आहेत. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल इत्यादी कष्टाळू लोक तेथे भात व नागली पिकवितात. त्यांच्यातील काही कुटुंबांत एक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मूल फिकट पडते, त्याचे हातपाय असह्य ठणकतात, थोड्याशा श्रमानेही त्यास धाप लागते. या आजाराचे नाव सिकलसेल.

निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचीक असतात. म्हणून अतिसूक्ष्म केशवाहिन्यांतूनही त्या सहज सरकतात. रोग्याच्या पेशी मात्र प्राणवायू कमी होताच विळ्यासारख्या वाकड्या व ताठर बनतात, वाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. १९४९ साली लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, याचे मूळ हिमोग्लोबिनातील दोषात आहे.

हा दोष कोठून येतो? शरीराच्या घडणीचा आराखडा डीएनए नावाच्या धाग्यावर चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो. ‘दिन’ हा शब्द लिहिताना वेलांटी चुकली, तर त्याचा ‘दीन’ होतो आणि अर्थ पालटतो. तसेच येथे घडते. हिमोग्लोबिनाच्या एका जनुकात ‘ए’ या अक्षराच्या जागी ‘टी’ येते. आणि तेवढ्याने सारा अनर्थ ओढवतो.

तो हुडकण्याच्या पद्धती अनेक आहेत. पहिली अगदी सोपी. रक्ताचा थेंब विशिष्ट द्रावणात मिसळून नळी छापील ओळींपुढे धरतात. ओळी स्वच्छ दिसल्या, तर दोष नाही. द्रावण गढूळ होऊन त्या दिसेनाशा झाल्या, तर दोष असण्याचा संभव. परंतु मनुष्य रोगी आहे की केवळ वाहक, हे यावरून कळत नाही. त्यासाठी विद्युत्‌प्रवाहाचे साह्य घेतात. निर्दोष व सदोष हिमोग्लोबिनांवरील विद्युत्‌भार भिन्न असल्याने ती निरनिराळ्या वेगाने सरकतात. वाहकाच्या रक्तात दोन्हींचे पट्टे उमटतात. रोग्याच्या रक्तात निर्दोष पट्टा सहसा नसतो. तिसरी पद्धत थेट जनुक वाचण्याची. जनुकाच्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून त्यातील बदललेले अक्षरच शोधले जाते. गर्भातील बालकाचीही तपासणी या मार्गाने करता येते.

वाहक मनुष्य बहुधा निरोगीच असतो. मात्र आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी ते रोगी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणूनच विवाहापूर्वीच्या तपासणीस महत्त्व आहे. २०२३ साली भारत सरकारने या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. हा आजार स्पर्शाने होत नाही, की कोणाच्या पापाचे ते फळ नव्हे. तपासणीचा कागद पाहून कोणास हिणवणे हा अन्याय होय. रक्तातील अक्षर कोणी निवडून घेत नाही; परंतु ते वेळीच वाचून पुढच्या पिढीचे दुःख टाळणे आपल्या हाती आहे.