हवेंतील विषाचा पहारेकरी

कोळशाच्या खाणींत उतरतांना पूर्वीं खाणकरी पिंजऱ्यांत कॅनरी पक्षी नेत असत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. परंतु मनुष्यास बाधा होण्यापूर्वींच तो चिमुकला जीव दांडीवरून कोसळे, आणि माणसें मागें फिरत. ब्रिटनमध्यें हे पक्षी काढून विजेचीं यंत्रें आणण्याचें १९८६ सालीं ठरलें. कांहीं विषांच्या बाबतींत आतां सबंध प्राण्याची गरज उरलेली नाहीं. त्याच्या देहांतील एका द्रव्यावरच काम भागतें.

त्या द्रव्याचें नांव अॅसिटिलकोलिनेस्टरेज. नांव उच्चारतांना चांगल्या विद्यार्थ्याचीहि जीभ अडखळते, पण काम सरळ आहे. मज्जातंतूचा निरोप स्नायूस पोंचविणारें रसायन हें एन्झाइम लागलीच फोडून टाकतें. म्हणून आंखडलेला स्नायु पुन्हा सैल होतो. जर्मनींत गेरहार्ड श्राडर किडींवरील औषधें शोधीत असतां १९३६ सालीं टाबून व १९३८ सालीं सारिन हीं विषें हातीं आलीं. तीं ह्याच एन्झाइमला चिकटून बसतात. मग निरोप थांबतच नाहीं, आणि शेवटीं श्वास बंद पडतो. टोकियोच्या भुयारी रेल्वेंत २० मार्च १९९५ रोजीं सारिन सोडण्यांत आलें, तेव्हां प्रवाशांच्या शरीरांत हेंच घडलें.

जेथें विष घाव घालतें, तेंच द्रव्य पहाऱ्यास बसविणें, ही ह्यांतील युक्ति. कागदाच्या ओलसर पट्टीवर एन्झाइम ठेवून तिला कांहीं मिनिटें हवा लागूं देतात. नंतर, फोडलें असतां निळें होणारें एक रसायन तिच्यावर घालतात. पट्टी निळी झाली तर एन्झाइम शाबूत आहे. पांढरीच राहिली तर हवेंत विष आहे. रंग न येणें हीच धोक्याची खूण! मात्र एन्झाइम उष्णतेनें बिघडलें असलें तरीहि रंग येत नाहीं; म्हणून विषाची हवा न लागलेली दुसरी पट्टी ताडून पाहावी लागते. विजेच्या उपकरणांत रंगाऐवजीं प्रवाह मोजतात, आणि विष येतांच तो घटतो.

हा विषय केवळ युद्धाचा नव्हे. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर फवारणी करतांना कित्येक शेतकरी व मजूर विषबाधेनें दगावले. मोनोक्रोटोफॉससारखीं कीटकनाशकें सारिनच्याच कुळांतलीं. अशा रोग्याच्या रक्तांतहि डॉक्टर ह्याच जातीच्या एन्झाइमचें बळ मोजतात. विष नेमकें कोणतें हें पट्टी सांगत नाहीं. त्यासाठीं प्रयोगशाळा लागते. पण शेतांतून बाहेर पडावयाचें कीं नाहीं, हें ठरविण्यास नांवाची वाट पाहावी लागत नाहीं.