कर्ज फिटलं, तरी सिबिलवर थकबाकी? तक्रारीची पोच घ्या, मग दिवस मोजा

कर्ज फेडून दोन वर्षे झाली, बेबाकी दाखला घरात आहे. तरी ट्रॅक्टरच्या कर्जासाठी गेलं की साहेब कॉम्प्युटरकडे बघून म्हणतात, "तुमचं सिबिल खराब आहे." ऐन हंगामाच्या तोंडावर असं झालं की शेतकरी मुकाट सावकाराची पायरी चढतो. पण चूक नोंदीत असेल तर ती दुरुस्त करून घेता येते.

सिबिल हे सरकारी ऑफिस नव्हे, खासगी कंपनी आहे. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क धरून अशा चार कंपन्या देशात आहेत. बँका, फायनान्सवाले पाठवतात ती माहिती त्या ठेवतात. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनीला नोंद बदलता येत नाही. इथेच टोलवाटोलवी सुरू होते. बँक म्हणते सिबिलला विचारा, सिबिल म्हणते बँकेला विचारा.

त्यावर रिझर्व्ह बँकेने २६ एप्रिल २०२४ पासून नियम लागू केला आहे. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. त्यातले २१ दिवस बँकेचे. तिने उशीर केला तर पैसे ती देणार, तिने वेळेत कळवूनही काम अडलं तर कंपनी देणार. मात्र तोंडी सांगितलेलं कुठेच धरत नाहीत. अर्ज लेखी द्यावा, सोबत बेबाकी दाखला जोडावा आणि तारीख-शिक्क्याची पोच घ्यावी. ऑनलाईन तक्रारीचा नंबर जपून ठेवावा.

आधी रिपोर्ट बघावा. प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी एजंटाला पैसे मोजायची गरज नाही. नाव, पॅन नंबर, जन्मतारीख तपासावी. गावात एकाच नावाचे दोघे असले की एकाचं कर्ज दुसऱ्याच्या नावावर चढू शकतं.

प्रत्येक खराब नोंद चुकीची असतेच असं नाही. तडजोडीत रक्कम कमी करून कर्ज मिटवलं असेल तर 'सेटल्ड' असा शेरा येतो, तो खराच असतो. जामीन राहिलेलं कर्जही दिसतं.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते. फी लागत नाही. माहितीसाठी फोन नंबर १४४४८.