म्हातारं मांजर पुन्हा खायला लागलं, आता त्याला काय आणि किती द्यावं?

वेळापूर (ता. माळशिरस) : आपल्या मोहल्ल्यात मांजर नसलेलं घर शोधावं लागतं. दस्तरखान पसरला की ते हळूच येऊन बाजूला बसतं आणि कुणीतरी त्याच्यापुढे घास टाकतंच. असं दहा-पंधरा वर्षं घरात वावरलेलं मांजर एक दिवस वाटीला तोंड लावत नाही, तेव्हा घरातली मोठी माणसं म्हणतात, "वय झालं आता त्याचं." दोन-चार दिवसांनी त्याने एखादा घास खाल्ला की सगळे खूश होतात आणि वाटी भरून पुढे ठेवतात. या दोन्ही ठिकाणी आपली चूक होते. ती कशी, आणि करायचं काय, हे आम्ही इथे सांगत आहोत.

म्हातारपण हा आजार नाही

मांजराचं १५ वर्षांचं वय म्हणजे माणसाचं साधारण ७५ वर्षांचं. या वयात ते जास्त झोपतं, उड्या कमी मारतं, वास कमी येतो म्हणून खाण्यातही नखरे करतं. पण खाणं पूर्ण सोडतं ते कुठेतरी दुखत असल्यामुळे. किडनीचा आजार, किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, बद्धकोष्ठता, मळमळ, चोंदलेलं नाक ही नेहमीची कारणं आहेत. ज्या मांजराला अन्नाचा वासच येत नाही ते जेवत नाही. आणि ज्याचा दात ठणकतोय ते वाटीजवळ येतं, हुंगतं आणि मागे फिरतं.

यात वेळेला फार महत्त्व आहे. माणूस दिवसभर रोजा ठेवून ठणठणीत राहतो. मांजराचं शरीर तसं नाही. त्याला मांसातलं प्रथिन रोजच्या रोज लागतं. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी लिव्हरकडे धावते आणि तिथेच साचत जाते. मग हिरड्या, डोळे, कानांच्या आतली कातडी पिवळी पडते. लठ्ठ मांजराला हा धोका जास्त. म्हणून २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना विचारा. ४८ तास झाले तर वाट पाहूच नका.

डॉक्टर कुठे?

गावाकडे जनावरांचा दवाखाना म्हटलं की गाय, म्हैस, शेळी एवढंच डोळ्यांपुढे येतं. मांजर घेऊन जायला लोकांना संकोच वाटतो. तो सोडा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरही दाखवता येतं. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक मुख्यतः पशुधनासाठी आहे, तरी जवळ डॉक्टर कुठे मिळतील हे तिथे विचारून पाहा. रक्ततपासणी किंवा सलाईनची गरज पडली तर अकलूज, पंढरपूर किंवा सोलापूर गाठावं लागेल. अवघड केस असेल तर सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नेताना झाकणाच्या टोपलीत जुनी चादर घालून न्या, म्हणजे मांजर बिथरणार नाही.

पहिले चार दिवस

डॉक्टरांनी तपासलं, औषध सुरू झालं, मांजर खायला लागलं. खरी काळजी इथून पुढे घ्यायची आहे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातले क्षार झपाट्याने खाली येतात. मग अशक्तपणा वाढतो, जीवावरही बेतू शकतं. म्हणून खाणं पायरी-पायरीने वाढवायचं.

चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. म्हणजे कातडी आणि हाडं काढलेलं, उकडलेलं चिकन सुमारे १२० ग्रॅम. हा अंदाज धरून असं करता येईल :

- पहिला दिवस : ४० ग्रॅम, पाच-सहा वेळा विभागून. एका वेळी चमचाभरच.
- दुसरा दिवस : ६० ते ८० ग्रॅम, तसंच विभागून.
- तिसरा-चौथा दिवस : उलटी, जुलाब नसतील तर १२० ग्रॅमपर्यंत.

मांजर पाच-सहा दिवस किंवा जास्त उपाशी असेल तर हा वेगसुद्धा जास्त होऊ शकतो. तिथे डॉक्टर सांगतील तेच प्रमाण धरा.

काय द्यावं, कसं द्यावं

चिकन साध्या पाण्यात उकडा. मीठ, हळद, आलं-लसूण काही नको. हाताने बारीक कुस्करा आणि त्याच पाण्यात मऊ करून द्या. ते पाणी फेकू नका. मांजराला हवी असलेली काही पोषणद्रव्यं त्यात उतरलेली असतात आणि पोटात पाणीही जातं. उकडलेलं अंडं थोडं चालतं. काटे काढलेली उकडलेली मासळी वासासाठी चांगली, पण रोज तीच नको. कलेजीचा लहान तुकडा भूक चाळवतो, मात्र रोज कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व जास्त होऊन त्रास होतो.

अन्न कोमट असावं. फ्रीजमधलं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा आणि बाळाचं दूध तपासतो तसं मनगटावर लावून बघा. कोमट अन्नाला वास सुटतो, आणि म्हाताऱ्या मांजराची भूक वासानेच जागी होते. खोल वाटीऐवजी पसरट बशी घ्या. मान दुखत असेल तर बशी पाटावर ठेवा. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचलून घ्या, आपल्याकडच्या उन्हाळ्यात मांस लगेच खराब होतं.

नुसतं चिकन हा कायमचा आहार नाही, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं. आठवडाभरात डॉक्टरांना विचारून म्हाताऱ्या मांजराचं तयार ओलं खाद्य थोडं थोडं मिसळा. किडनीचा आजार असेल तर खाद्य वेगळं असतं. पाकिटातल्या मांसाबद्दल मनात शंका असेल तर घटक वाचा आणि आपल्या मौलाना साहेबांना विचारून घ्या.

हे टाळा

- कांदा आणि लसूण, म्हणजे सालनाचा रस्सा आणि बिर्याणीतली बोटीसुद्धा. यांनी मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.
- दूध. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात.
- शिजवलेली हाडं, खारवलेले बोंबील, बकरी ईदची चरबी.
- ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल. अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.
- तोंड उघडून जबरदस्ती. त्याने मांजर त्या अन्नालाच घाबरतं, आणि पातळ अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. सिरिंजने भरवायचंच असेल तर आधी डॉक्टरांकडून पद्धत शिकून घ्या.

रोज लिहून ठेवा

घरात चार जण भरवतात आणि कुणालाच नक्की माहीत नसतं किती खाल्लं. एकाने जबाबदारी घ्यावी. खाणं, पाणी, लघवी, शी, उलटी एका कागदावर लिहावी. आठवड्यातून एकदा टोपलीसकट वजन करावं, किराणा दुकानातला काटाही चालतो. चार किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम वजन उतरलं तर ते थोडं समजू नका, डॉक्टरांना कळवा. रमजानमध्ये घराची वेळ बदलते, तेव्हा सहेरीला आणि तरावीहनंतर एकेक घास ठरवून द्या.

हजरत अबू कतादा (रजि.) वजू करत असताना मांजर आलं, तर त्यांनी त्याला पिता यावं म्हणून भांडं कलतं केलं. मांजर नापाक नाही, ते आपल्या घरात फिरणाऱ्यांपैकी आहे, ही नबी करीम (स.अ.व.) यांची शिकवण त्यांनी तेव्हा सांगितली. सुनन अबू दाऊद आणि तिरमिजीत ही हदीस आहे. मांजराला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईला अजाब झाल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. आपण कुणी मांजर बांधून ठेवत नाही. पण जे बोलू शकत नाही त्याची भूक का गेली, हे पाहणं आपल्यावरच आहे. आज संध्याकाळी आपल्या घरच्या म्हाताऱ्या मांजराने काय आणि किती खाल्लं, एवढं तरी घरात विचारा.