दोघांच्या दोन उंची

लाउटरब्रुनेनच्या दरीत पहाटे जाग आली, तेव्हा हे खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते. बोटाला ऑक्सिमीटर, मांडीवर वही. ‘‘९४,’’ माझी चाहूल लागताच त्यांनी आकडा सांगितला आणि टिपून ठेवला. समोर श्टाउबबाखचा धबधबा जवळजवळ तीनशे मीटर उंच कड्यावरून सुटत होता आणि दरीत पोहोचेपर्यंत त्याचे तुषारच उरत होते. आकाश निरभ्र होते. तीन दिवस ज्या सकाळची वाट पाहिली, ती उजाडली होती. मला मात्र, आज ढग असते तर बरे झाले असते, असे वाटून गेले.

जर्मनीत लेकीकडे आमचा अडीच महिने मुक्काम झाला होता. पर्यटक व्हिसावर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. त्या मुदतीच्या अखेरीचे काही दिवस आम्ही स्वित्झर्लंडसाठी राखून ठेवले होते. युंगफ्राउयोखचा बर्फ पाहण्याची हौस मूळची माझी. ह्यांना गेली सहा वर्षे सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन हवा नीट आत-बाहेर न होण्याचा जुनाट विकार. या सहा वर्षांत मी त्यांना सोडून एकही रात्र कुठे राहिले नाही. दिवसाही दोन तासांहून अधिक घराबाहेर क्वचितच. ही तक्रार नव्हे, नुसता हिशेब आहे.

पुण्याहून निघण्यापूर्वी छातीच्या डॉक्टरांनी चाचण्या करून घेतल्या आणि कागदावर एक डोंगर काढून आम्हांला समजावले. हवेतील ऑक्सिजनचा वाटा समुद्रकाठी काय नि शिखरावर काय, सुमारे २१ टक्केच असतो. उंचीवर कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर शरीराच्या वाट्याला येणारा ऑक्सिजनही. ३४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोखला हा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश भरतो. ‘‘काका विमानात बसणारच आहेत,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘तिथल्या केबिनमधला दाब जास्तीत जास्त २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरतो. तेवढे त्यांना झेपेल. म्हणून दोन हजारांच्या आसपास आरामात बसून राहायला माझी हरकत नाही. त्याच्या वर मात्र नको. बसल्या जागी आकडा ८८च्या खाली गेला, तर पहिल्या गाडीने खाली.’’ ही मर्यादा ह्यांच्या फुफ्फुसांची. दुसऱ्या रुग्णाची वेगळी असेल, आणि ती ठरवायची त्याच्याच डॉक्टरांनी.

परतीच्या रिक्षात मी म्हटले, ‘‘मग दुसरे काहीतरी पाहू.’’ हे काहीच बोलले नाहीत. लेकीने तिकिटे काढली तेव्हा कळले: ह्यांचे तिकीट मधल्या क्लायने शायडेग स्टेशनापर्यंत, माझे थेट वरपर्यंतचे. बापलेकींनी परस्पर ठरवून टाकले होते.

लाउटरब्रुनेन ७९६ मीटरवर आहे, क्लायने शायडेग २०६१ मीटरवर. वेंगेनमार्गे जाणारी ही दातेरी रुळाची गाडी १८९३पासून धावते. हे रेल्वेतून निवृत्त झालेले. उभी हयात घाटात गेलेल्या माणसाला चढ कसा असतो ते कोणी सांगायला नको. पण बोरघाटात सदतीस मीटरमागे एक मीटर चढायला गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात, आणि इथे काही ठिकाणी चार मीटरमागे एक मीटर चढ. दोन रुळांच्या मध्ये पोलादी दात्यांची पट्टी आणि गाडीखाली तीत अडकणारे चाक. वेंगेन मागे पडले, तसे हे बोलायचे थांबले. मला धस्स झाले. पाहिले, तर ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडत ते खिडकीतून खालचे दाते मोजत होते.

क्लायने शायडेगला उतरताच आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरे ओळीने समोर उभी राहतात. सप्टेंबरच्या उन्हातही वारा बोचरा होता. ह्यांनी मफलर नाकावरून घेतला आणि इनहेलर कोटाच्या आतल्या खिशात चाचपला. थंडीत इनहेलरमधील वायूचा दाब घटतो आणि औषधाची मात्रा कमी पडू शकते, म्हणून तो अंगाच्या उबेत ठेवायचा, हे डॉक्टरांनी बजावले होते. दहा मिनिटे बसल्यावर आकडा आला ९०.

‘‘मी नाही जात,’’ मी म्हटले.

‘‘अगं, तू नाही गेलीस तर मी इथे तुझं तोंड बघत बसायचं का?’’ हे म्हणाले. ‘‘ती बघ, तुझी गाडी लाल आहे. माझी पिवळी-हिरवी. हिचे रूळ ८०० मिलिमीटरचे, तिचे १००० मिलिमीटरचे. म्हणून सगळ्या जगाला इथे उतरून गाडी बदलावी लागते. आणि वर बघ, एक नाही, दोन तारा आहेत. मला इथे पुष्कळ काम आहे.’’

मी गेले. जाण्यापूर्वी विमा कंपनीचा क्रमांक, ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात घातली. ‘स्टेशनापासून हलणार नाही’ असे वचनही घेतले.

आयगरग्लेचरनंतर गाडी बोगद्यात शिरते आणि शेवटपर्यंत, सुमारे सात किलोमीटर, डोंगराच्या पोटातूनच जाते. झुरिकचे उद्योगपती आडोल्फ गायर-त्सेलर यांच्या कल्पनेतून १८९६ साली हे काम सुरू झाले. १८९९मध्ये ते वारले आणि १९१२ साली गाडी वर पोहोचली. ३१६० मीटरवर, आइसमेरला, पाच मिनिटे थांबून कातळात खोदलेल्या खिडक्यांतून हिमनदी पाहता येते. सगळे धावले. मी चालत गेले. शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून ‘‘अहो, बघा’’ म्हणायला मी तोंड उघडले, आणि मिटले.

वर पोहोचल्यावर पहिल्या जिन्यातच माझे पाय जड झाले. ६८ वर्षांच्या निरोगी माणसालाही तिथे आपल्या वयाची आठवण होते. वाटेत पाणी पीत, कठड्याला धरून, चार पावलांमागे थांबत चालले. बर्फात कोरलेल्या महालात गेले नाही. हाड मोडून घेण्याइतकी हौस मला नाही. लिफ्टने स्फिंक्सच्या गच्चीवर गेले. पायाखाली लोखंडी जाळी, जाळीखाली दरी. दुसऱ्या बाजूला आलेच हिमनदी, आल्प्समधली सर्वांत लांब, वीस किलोमीटरहून मोठी. ती वळत वळत दूर जाते, आणि तिच्या अंगावरचे काळे पट्टे पाहिले, की हा बर्फ सरकतो आहे हे पटते. बर्फावरून परतणारे ऊन इतके प्रखर होते, की काळ्या चष्म्याशिवाय डोळे उघडवेनात. मी किती वेळ उभी होते, ठाऊक नाही. खाली कोण बसले आहे, त्याचा आकडा किती झाला असेल, याचा मला विसर पडला होता. मग आठवण झाली, आणि त्या विसराचीच लाज वाटली. तरीही आणखी पाच मिनिटे तिथेच उभी राहिले. खरे ते सांगते.

खाली उपाहारगृहाशेजारच्या बाकावर एक आजी डोके धरून बसल्या होत्या. सून पाठीवरून हात फिरवत होती. बोलणे मराठी म्हणून मी थांबले. सकाळी इंटरलाकेनहून, म्हणजे साडेपाचशे मीटरवरून, तीन तासांच्या आत त्या थेट इथे आल्या होत्या. धाप, चक्कर, मळमळ. मुलगा म्हणत होता, एवढे पैसे भरलेत, थोडे बसून बरे वाटेल. मी न राहवून बोलले: उंचीचा त्रास थांबून ओसरेल याचा भरवसा नसतो, खाली उतरणे हाच त्याचा पहिला उपाय. मुलाला ते आवडले नाही. सुनेने मात्र तेथील कर्मचाऱ्याला बोलावले, आणि पुढच्याच गाडीला आजी माझ्यासमोर बसल्या होत्या. आयगरग्लेचर आले तेव्हा त्यांनी स्वतःहून पाणी मागितले.

क्लायने शायडेगला उतरले. बाक रिकामा होता.

बाकावर त्यांची टोपीही नव्हती. मी स्टेशनभर फिरले, हाक मारली. एकदा नावानेसुद्धा, जे मी चाळीस वर्षांत चारचौघांत केलेले नाही. हातातला फोन लावण्याचेही सुचले नाही. मग उपाहारगृहाच्या काचेआड ते दिसले. समोर सूप, शेजारी गणवेशातला एक वयस्क रेल्वे कर्मचारी. कागदाच्या रुमालावर दोघे मिळून काहीतरी रेखाटत होते. वारा वाढला म्हणून हे आत आले होते. नंतर स्टेशन सोडले का, असे मी रागाने विचारले, तेव्हा ‘‘उपाहारगृह स्टेशनातच आहे’’ असे उत्तर मिळाले. ते खरेच होते.

परतीच्या गाडीत मी त्यांची वही चाळली. दर अर्ध्या तासाला एक आकडा: ९०, ८९, ९०, ९१. दोन आकड्यांच्या मध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा, डब्यांची संख्या, आणि एक टीप: उतरणारी गाडी वीज तयार करते आणि तारेत परत सोडते. ८९च्या पुढे कंसात लिहिले होते, ‘हिला सांगू नये’.

‘‘आइसमेरला किती मिनिटे थांबली?’’ त्यांनी विचारले.

‘‘पाच.’’

त्यांनी ते लिहून घेतले. ‘‘आणि बोगद्यातही दोन तारा होत्याच ना?’’

मी वर पाहिले नव्हते, तसे सांगितले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी काशीला जाऊन गंगा न बघता आले होते. मग वेंगेन येईपर्यंत ते माझ्या फोनमधले हिमनदीचे फोटो एकेक करून पाहत राहिले. बोटाने मोठे करून, सावकाश श्वास सोडत.